निवडयादीचे चिन्हांकन : वेबवरील फॉर्मच्या आरंभीच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकाच्या पडद्यावर एखादा अर्ज भरताना जिल्हा, विषय, जन्ममहिना अशा प्रश्नांपुढे एक लहानशी चौकट दिसते. तिला स्पर्श करताच विकल्पांची यादी उलगडते आणि त्यांतील एक विकल्प घेऊन ती पुन्हा मिटते. ह्या यादीस प्रस्तुत निबंधात 'निवडयादी' असे म्हटले आहे. वाचकास ती पडद्यावरची एक सोय वाटते. परंतु वेबचे पान लिहिणाऱ्यास ती शब्दांत लिहावी लागते, आणि ती कोणत्या शब्दांत लिहावयाची हा प्रश्न १९९३ साली प्रथमच उपस्थित झाला. त्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आजही जवळजवळ जसेच्या तसे चालू आहे. त्या उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग, म्हणजे विकल्पांची यादी हा पानाच्या मजकुराचाच अंश मानणे, हा लाभाचा ठरला. दुसरा भाग अर्जदाराच्या मौनासंबंधीचा आहे. निवडयादीला हातच न लावणाऱ्या माणसाचे उत्तर काय धरावे, हा तो प्रश्न होय. आणि ह्या बाबतीत मानकांची भूमिका बदललेली दिसते.

आरंभ वेबच्या अगदी पहिल्या अवस्थेपासून करावयास हवा. जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर सिद्ध केला. त्यांच्या एचटीएमएल ह्या चिन्हांकनभाषेत वाचकाकडून काही विचारून घेण्याचे साधन एकच होते : 'इझिंडेक्स' नावाची खूण. ही खूण पानात असली की ब्राउझर शोधशब्द लिहिण्याची जागा उपलब्ध करून देई, आणि वाचकाने लिहिलेले शब्द पानाच्या पत्त्यास प्रश्नचिन्हापुढे जोडून सर्व्हरकडे धाडी. ग्रंथालयाच्या सूचीत शोध घेण्यापुरते हे पुरेसे होते. परंतु एका पानावर दोन प्रश्न विचारणे, अथवा वाचकापुढे ठरावीक उत्तरे ठेवून त्यांतून एक मागणे, ह्या साधनाने शक्य नव्हते. जून १९९३ मध्ये बर्नर्स-ली व डॅन कॉनली यांनी मांडलेल्या एचटीएमएलच्या मसुद्यातही फॉर्मचे घटक नव्हते.

वास्तविक यंत्राद्वारे अर्ज भरण्याची कल्पना त्या वेळी नवी नव्हती. आयबीएम कंपनीच्या ३२७० ह्या टर्मिनलांवर १९७० नंतरच्या दशकापासून बँकांतील व कचेऱ्यांतील कारकून पडद्यावरच्या रिकाम्या जागा भरीत आणि भरलेला सारा पडदा एकदम मुख्य संगणकाकडे पाठवीत. वेबचा फॉर्म ह्याच रीतीने चालतो. निवडयादीच्या दृष्टीने मात्र अधिक जवळचा शेजारी म्हणजे मिनेसोटा विद्यापीठात १९९१ साली जन्मलेली गोफर ही माहितीव्यवस्था. गोफर तर मुळातच याद्यांची बनलेली होती. १९९३ साली तिच्या कर्त्यांनी गोफर-प्लस ह्या नावाने जी वाढ सुचविली, तीत प्रश्नपत्रिकेची सोय केली होती. तेथे 'चूज' ह्या शब्दाने आरंभ होणारी एक ओळ लिहावयाची, पुढे प्रश्न, आणि त्यापुढे टॅब ह्या अदृश्य अंतरचिन्हाने वेगळे केलेले विकल्प एकामागोमाग एक. एक प्रश्न, एक ओळ. रचना सुटसुटीत होती. पण विकल्पाविषयी अधिक काही सांगावयाचे झाल्यास त्या ओळीत जागाच नव्हती.

वेबपुढे हाच प्रश्न आला तेव्हा उत्तर शोधण्याची चौकट निराळी होती, कारण एचटीएमएलने आपले व्याकरण एसजीएमएल ह्या पूर्वीच्या पद्धतीकडून घेतले होते. ती पद्धती १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ८८७९ म्हणून मान्य झाली. तिच्यातील तीन संज्ञा पुढील विवेचनात वारंवार येतील. मजकुराच्या ज्या भागाला नाव दिलेले असते तो 'घटक'. त्याच्या आरंभी व शेवटी कोनी कंसांत ज्या खुणा घालतात त्या 'टॅग'. आणि आरंभीच्या टॅगमध्येच त्या घटकाविषयी जी विशेष माहिती नोंदवितात ते 'गुणधर्म'. घटकाच्या पोटात मजकूर किंवा इतर घटक असू शकतात. गुणधर्माच्या पोटात मात्र केवळ अक्षरांची एक माळ असते. तिच्यात पुन्हा खुणा घालता येत नाहीत. काही घटकांना पोटच नसते. पानात चित्र घालणारा घटक त्यांपैकी एक. आणि फॉर्मसाठी योजलेला 'इनपुट' हा घटकही तसाच रिकामा.

ह्या व्याकरणात निवडयादी लिहिण्याचे तीन मार्ग संभवत होते, आणि त्यांचा तुलनेने विचार केल्याखेरीज प्रत्यक्ष झालेल्या निवडीचे मोल लक्षात येणार नाही.

पहिला मार्ग गोफरच्या वळणाचा : 'इनपुट' ह्या रिकाम्या घटकालाच एक गुणधर्म जोडावा व त्यात सर्व विकल्प स्वल्पविरामांनी वेगळे करून लिहावेत. लिहिणाऱ्यास हा सर्वांत सोपा. परंतु विकल्पातच स्वल्पविराम आला तर काय? 'मुंबई, उपनगर' असा विकल्प लिहिला की एकाचे दोन झाले. त्यावर तोड म्हणून निराळे संकेत ठरवावे लागतात, आणि मग एका व्याकरणाच्या पोटात दुसरे, अनधिकृत व्याकरण वाढू लागते. शिवाय लांबीचा प्रश्न होता. एसजीएमएलच्या मूळ मोजमापांत गुणधर्माच्या मूल्याची लांबी २४० अक्षरांपर्यंत मर्यादित होती. एचटीएमएलच्या १९९५ च्या मानकाने ती १०२४ पर्यंत वाढविली. आपल्याकडचेच उदाहरण घ्यावयाचे तर महाराष्ट्रातील आजच्या ३६ जिल्ह्यांची नावे रोमन लिपीत स्वल्पविरामांसह लिहिली तर ३०० हून अधिक अक्षरे होतात, म्हणजे मूळ मर्यादेत ती मावत नाहीत. आणि जगातील सर्व देशांची यादी वाढीव मर्यादेतही मावणे कठीण. प्रत्यक्षातील ब्राउझर एसजीएमएलचे नियम इतक्या काटेकोरपणे पाळीत नसत हे खरे. तरीही ह्या मर्यादांवरून गुणधर्म ही कोणत्या स्वरूपाच्या माहितीची जागा मानली जात होती हे कळते. ती लहानशा नोंदीची जागा होती, मजकुराची नव्हे.

दुसरा मार्ग असा की, प्रत्येक विकल्पासाठी एक स्वतंत्र 'इनपुट' घटक लिहावा व सर्वांना एकच नाव द्यावे. हा मार्ग टाकाऊ ठरला नाही. गोल टिकलीच्या ज्या बटणांना 'रेडिओ' म्हणतात ती ह्याच रीतीने लिहिली जातात. मोटारीतील जुन्या रेडिओवर एक कळ दाबली की आधीची दाबलेली कळ वर येई, त्यावरून हे नाव पडले. ह्या रचनेतील उणीव अशी की 'इनपुट' रिकामा असल्यामुळे विकल्पाचे नाव त्याच्या शेजारी, बाहेरच, सुट्या मजकुरासारखे लिहावे लागे. कोणते शब्द कोणत्या टिकलीचे, हे डोळ्यांना जवळिकीवरून उमजे. यंत्राला उमजण्याचा मार्ग नव्हता. पडदा मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या साधनांवर विसंबणाऱ्या अंध वाचकास ह्याचा त्रास विशेष झाला असला पाहिजे. टिकली आणि शब्द यांना बांधणारा 'लेबल' हा घटक डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये आला.

तिसरा मार्ग प्रत्यक्षात स्वीकारला गेला. 'सिलेक्ट' नावाचा एक घटक करावयाचा आणि त्याच्या पोटात प्रत्येक विकल्पासाठी 'ऑप्शन' नावाचा घटक. विकल्पाचे नाव हा त्या 'ऑप्शन'चा मजकूर. येथे विकल्प आणि त्याचे शब्द यांची गाठ व्याकरणानेच बांधली गेली, त्यासाठी नंतरच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली नाही. दुसरा लाभ वेबच्या एका विशिष्ट संकेतामुळे मिळाला. आपणास अपरिचित टॅग आढळल्यास तो टॅग सोडून द्यावा, पण त्यातील मजकूर दाखवावा, असा ब्राउझरांचा परिपाठ होता. त्यामुळे ज्या जुन्या ब्राउझरला 'सिलेक्ट' ठाऊक नाही तेथेही विकल्पांची नावे एकापुढे एक साध्या ओळीत दिसत. त्यांतून निवड करता येत नसे, पण निदान काय विचारले आहे हे वाचता येई. गुणधर्मात दडविलेली यादी अशा ब्राउझरवर समूळ अदृश्य झाली असती. ज्या काळात दर काही महिन्यांनी नवा ब्राउझर निघत होता आणि जुने वापरातून जात नव्हते, त्या काळात हा लाभ किरकोळ नव्हे.

हे घटक लोकांच्या वापरात आणण्याचे श्रेय मुख्यत्वे मोझेइक ह्या ब्राउझरला द्यावे लागते. इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात मार्क अँड्रीसन व एरिक बीना यांनी आरंभिलेल्या ह्या ब्राउझरच्या २.० ह्या आवृत्तीत, १९९३ च्या उत्तरार्धात, भरावयाचे फॉर्म आले. त्याच सुमारास ब्रिस्टल येथील ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करणारे डेव्ह रॅगेट एचटीएमएल-प्लस ह्या विस्तृत भाषेचा मसुदा तयार करीत होते, आणि नोव्हेंबर १९९३ च्या त्या मसुद्यातही फॉर्मचे प्रकरण आहे. सर्व्हरच्या बाजूस, आलेली उत्तरे एखाद्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन करण्याची सीजीआय ही रीतही त्याच वर्षी रूढ होऊ लागली. ही सारी अंगे एकत्र आली नसती तर निवडयादी पडद्यावरचे शोभेचे चित्र राहिली असती.

मोझेइकचे आरंभीचे फॉर्मविषयक माहितीपत्रक वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्यात 'सिलेक्ट'ला तीन गुणधर्म आहेत : 'नेम', 'साइज' आणि 'मल्टिपल'. 'नेम' म्हणजे प्रश्नाचे नाव. 'साइज' एक असेल किंवा दिलेलाच नसेल तर यादी 'मोटिफ'मधील उलगडणाऱ्या मेनूच्या रूपात दिसेल. दोन किंवा अधिक असेल तर 'मोटिफ'मधील सरकत्या यादीच्या रूपात, आणि तितक्या ओळी एका वेळी दिसतील. 'मल्टिपल' लिहिल्यास एकाहून अधिक विकल्प निवडता येतील आणि मग 'साइज' काहीही असला तरी सरकती यादीच दिसेल. 'मोटिफ' हा युनिक्स यंत्रांवरील खिडक्या-बटणांचा तयार संच होता. म्हणजे चिन्हांकनभाषेच्या एका घटकाचा अर्थ एका विशिष्ट संचातील दोन वस्तूंच्या नावांनी सांगितला गेला. 'साइज' ह्या गुणधर्मात तर संख्या आणि रूप ह्या दोन गोष्टी एकाच आकड्यात गुंतल्या : आकडा एकावरून दोनावर गेला की केवळ एक ओळ वाढत नाही, वस्तूच बदलते. आजही 'साइज' लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास हा विचित्रपणा जाणवतो. त्याचे मूळ वेबच्या तत्त्वविचारात शोधून सापडणार नाही. ते मोटिफच्या संचात आहे.

तरीही ही रचना मोटिफपुरती राहिली नाही. कॅन्सस विद्यापीठातील लिंक्स हा ब्राउझर चित्रे न दाखविणारा, केवळ अक्षरांच्या टर्मिनलवर चालणारा होता. त्यानेही निवडयादी दाखविली, बाणांच्या कळांनी वरखाली सरकता येईल अशा अक्षरी चौकटीत. मॅकिंटॉश आणि विंडोज यांवरील ब्राउझरांनी आपापल्या यंत्रणेतील मेनू वापरले. हे शक्य झाले, कारण 'साइज' बाजूस ठेवला तर उरलेले चिन्हांकन रूपाविषयी काहीच बोलत नव्हते. ते केवळ 'ह्यांतून एक' किंवा 'ह्यांतून हवे तितके' एवढेच सांगत होते. हा फरक १९९५ च्या मानकात शब्दांतही उतरलेला दिसतो. बर्नर्स-ली व कॉनली यांनी संपादिलेले एचटीएमएल २.० हे मानक नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६६ ह्या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्यात मोटिफचे नाव ह्या संदर्भात नाही. एक ओळीची यादी सामान्यतः उलगडणारा मेनू असते व अधिक ओळींची सामान्यतः यादी असते, असे तेथे म्हटले आहे. 'सामान्यतः' ह्या एका शब्दाने आज्ञेचे वर्णन झाले.

त्याच मानकातील 'व्हॅल्यू' ह्या गुणधर्माकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. मोझेइकच्या त्या माहितीपत्रकात 'ऑप्शन'ला 'सिलेक्टेड', म्हणजे आधीच निवडलेला, एवढाच गुणधर्म होता. वाचकास जे शब्द दिसत तेच सर्व्हरकडे जात. एचटीएमएल २.० मध्ये मात्र सर्व्हरकडे जाणारे मूल्य निराळे देता येऊ लागले. ते न दिल्यास दिसणारा मजकूर हेच मूल्य. मानकातील उदाहरण आइसक्रीमच्या स्वादांचे आहे. व्हॅनिला व स्ट्रॉबेरी यांना निराळे मूल्य दिलेले नाही; 'रम अँड रेझिन' ह्या तीन शब्दी नावाला मात्र जोडून लिहिलेले एकशब्दी मूल्य आहे. उदाहरण गमतीचे खरे. पण दिसणारे नाव आणि नोंदले जाणारे नाव ह्या दोन वस्तू आहेत, ही मान्यता त्यात आहे. रेशनकार्डावरचे नाव आणि घरातले नाव ह्यांतला भेद ज्याला ठाऊक आहे त्याला ह्याचे अगत्य पटवून द्यावयास नको.

ह्या भेदाचे महत्त्व इंग्रजीबाहेरील भाषांत विशेष जाणवते. एचटीएमएल २.० ने आपला वर्णसंच म्हणून आयएसओ ८८५९-१, म्हणजे पश्चिम युरोपीय लॅटिन वर्ण, स्वीकारला होता. देवनागरी वर्णांना युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळालेली होती. परंतु एचटीएमएलच्या मानकात त्यांना अधिकृत प्रवेश मिळाला तो जानेवारी १९९७ च्या आरएफसी २०७० ने वर्णसंच व्यापक केल्यानंतर. ह्या संधिकाळात मराठी पाने विशिष्ट टंकांच्या आधारे लिहिली जात : मूळ अक्षरे लॅटिन, त्यांवर चढविलेले रूप देवनागरी. अशा पानात निवडयादी आली की पंचाईत होई. यादी पुष्कळदा यंत्रणेच्या स्वतःच्या टंकात काढली जाई, आणि मग पानभर मराठी व यादीत मात्र अर्थहीन लॅटिन अक्षरांची गर्दी. शिवाय फॉर्मची उत्तरे सर्व्हरकडे जाताना लॅटिन मुळाक्षरे व अंक यांव्यतिरिक्तच्या बहुतेक वर्णांचे टक्केचिन्हांकित आकड्यांत रूपांतर होते, आणि ते आकडे कोणत्या वर्णसंचाचे हे उत्तरासोबत सांगण्याची खात्रीची सोय नव्हती. आरएफसी २०७० ने ह्या अडचणीचा स्वतंत्र विचार केला आहे. 'व्हॅल्यू'मध्ये साधे लॅटिन सांकेतिक चिन्ह आणि मजकुरात देवनागरी नाव, ही वाटणी अशा वेळी उपयोगी ठरली.

पुढे युनिकोडचा प्रसार झाला तरी ह्या वाटणीची उपयुक्तता संपली नाही. औरंगाबाद व उस्मानाबाद हे जिल्हे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर व धाराशिव, आणि अहमदनगर २०२४ पासून अहिल्यानगर झाले. ज्या फॉर्ममध्ये दिसणारे नाव हेच मूल्य होते तेथे जुन्या व नव्या नोंदी दोन निराळ्या जिल्ह्यांच्या दिसणार. ज्यात मूल्य म्हणून जिल्ह्याचा क्रमांक होता तेथे केवळ 'ऑप्शन'चा मजकूर बदलला की काम झाले. १९९३ च्या रचनेत विकल्प हा गुणधर्मातील माळेचा मणी न राहता स्वतंत्र घटक झाला होता, म्हणूनच त्याला पुढे स्वतःचा गुणधर्म जोडता आला. पहिल्या मार्गाने गेले असते तर ही सोय पुन्हा नव्या संकेतचिन्हांनी करावी लागली असती.

घटक म्हणून वाढण्याची ही क्षमता इतरत्रही दिसते, जरी प्रत्येक वाढ तगली नाही. रॅगेट यांच्या १९९५ च्या एचटीएमएल ३.० मसुद्यात निवडयादीला चित्र जोडण्याची व प्रत्येक विकल्पाला त्या चित्रातील एक प्रदेश नेमून देण्याची योजना होती. म्हणजे नकाशावर बोट ठेवून जिल्हा निवडता आला असता. तो मसुदा त्याच वर्षी मुदत संपून मागे पडला. एचटीएमएल ४.० ने 'ऑप्टग्रुप' हा घटक आणून विकल्पांचे गट पाडण्याची सोय केली. गटात पुन्हा गट मात्र नको असा निर्बंध ठेवला, व पुढील काळात तो सैल होऊ शकेल असेही सुचविले. गटाचे नाव गुणधर्मात ठेवले आहे, हे चिकित्सक वाचकास खटकेल. विकल्पाचे नाव मजकुरात आणि गटाचे नाव गुणधर्मात, ही विसंगती नव्हे काय? पण जुना ब्राउझर 'ऑप्टग्रुप'चा टॅग सोडून देणार आणि आतले विकल्प दाखविणार, हे ध्यानात घेतले म्हणजे युक्ती कळते : गटाचे नाव मजकुरात असते तर त्या सोडून दिलेल्या टॅगमागे ते यादीच्या मधोमध बेवारस उरले असते. एकाच परिपाठाने एकदा मजकूर बाहेर ठेवावयास लावला आणि एकदा आत लपवावयास.

आता मौनाच्या प्रश्नाकडे वळू.

छापील अर्जात रिकामी जागा हे एक उत्तरच असते. तपासनीस ती पाहतो, अर्ज परत करतो, किंवा 'नमूद नाही' असा शेरा मारतो. उलगडणाऱ्या निवडयादीत रिकामी जागा नाही. मिटलेल्या चौकटीत नेहमी कोणता तरी विकल्प दिसतोच. एचटीएमएल २.० ने नियम स्पष्ट केला : कोणत्याही विकल्पावर 'सिलेक्टेड' नसेल तर आरंभी पहिला विकल्प निवडलेला समजावा. रेडिओ बटणांसाठीही तोच नियम होता. संचातील एक टिकली सदैव भरलेली असावी, व लेखकाने तसे सांगितले नसेल तर ब्राउझरने पहिली भरावी. तर्काच्या दृष्टीने हे सुसंगत आहे. 'अनेकांतून एक' ह्या प्रश्नाची दोन लेखनरूपे असतील तर दोहोंचा आरंभ सारखाच असावा.

परंतु व्यवहाराने मानकाला जुमानले नाही. ब्राउझर निरनिराळ्या रीतीने वागले. डिसेंबर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने हे उघडपणे मान्य केले. विद्यमान ब्राउझरांत भिन्नता असल्यामुळे आपण आरएफसी १८६६ पासून वेगळे होत आहोत असे सांगून, लेखकाने काहीच निवडून ठेवले नसेल तर काय होईल हे तेथे अनिर्णित ठेवले. आणि प्रत्येक यादीत एक पूर्वनिवड द्यावी असा लेखकांस सल्ला दिला. मानकाने आपला पूर्वीचा नियम असा मागे घ्यावा, ही त्या इतिहासातील दुर्मिळ गोष्ट आहे. सल्ला मात्र प्रस्तुत लेखकाच्या मते अपुरा होता. लेखकाने पूर्वनिवड दिली म्हणजे ब्राउझरांतील भिन्नता मिटते. पण अर्जदाराने निवडले की त्याच्यासाठी निवडले गेले, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. जिल्ह्यांची यादी रोमन वर्णक्रमाने लावली तर तिच्या शिरोभागी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येते, कारण रोमन क्रमात 'एच' हे 'के'च्या आधी. तीच यादी देवनागरी वर्णक्रमाने लावली तर अकोला प्रथम, मग अमरावती, आणि अहिल्यानगर तिसरे, कारण आपल्याकडे 'ह' वर्णमालेच्या शेवटाजवळ. म्हणजे प्रश्नाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांची गणना एका लिपीत एका जिल्ह्यात होणार व दुसऱ्या लिपीत दुसऱ्याच. एका सर्वेक्षणाची सारणी तपासताना पहिल्या विकल्पापुढचा आकडा इतरांच्या मानाने विसंगत फुगलेला प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. त्यांतील खरे किती व मौनी किती हे नंतर कोणत्याही उपायाने वेगळे करता येत नाही, कारण सर्व्हरकडे पोचलेली दोन्ही उत्तरे अक्षरशः एकच असतात. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांनी ऑनलाइन गोळा केलेली माहिती वापरताना मूळ फॉर्मची यादी कोणत्या क्रमाने होती हे विचारावे, ते ह्याचसाठी. 'मल्टिपल' यादीत अडचण उलटी आहे. तेथे काहीच न निवडल्यास त्या प्रश्नाचे नावसुद्धा सर्व्हरकडे जात नाही; म्हणून 'ह्यांपैकी एकही नाही' हे विचारपूर्वक दिलेले उत्तर आणि प्रश्न पाहिलाच नाही ही स्थिती, दोन्ही सारख्याच शून्य.

लेखकांनी ह्यावर हातचा उपाय शोधला. यादीचा पहिला विकल्प 'निवडा' असा लिहावयाचा आणि त्याचे मूल्य रिकामे ठेवावयाचे. मूल्य रिकामे आले तर सर्व्हरने फॉर्म परत पाठवावयाचा. व्याकरणाच्या दृष्टीने हा विकल्पच नव्हे, ती सूचना आहे. विकल्पाच्या पोशाखात उभी केलेली. पण तो उपाय सर्वत्र पसरला. ऑक्टोबर २०१४ मध्ये शिफारस म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल ५ ने त्याला नाव व स्थान दिले. 'रिक्वायर्ड', म्हणजे आवश्यक, असा गुणधर्म असलेल्या एकनिवडी उलगडत्या यादीत पहिल्या विकल्पाचे मूल्य रिकामे असेल तर तो विकल्प जागा राखणारे शीर्षक समजावा, उत्तर समजू नये. त्याच मानकाने १९९९ मध्ये अनिर्णित ठेवलेली गोष्टही पुन्हा निश्चित केली, पण दोन लेखनरूपांची फारकत करून : रेडिओ बटणांत लेखकाने काही भरले नसेल तर सर्व टिकल्या कोऱ्या राहतात, एक ओळीच्या उलगडत्या यादीत मात्र बाद न केलेला पहिला विकल्प निवडला जातो. १९९५ साली एकाच नियमाखाली असलेली ही दोन रूपे आता मौनाच्या बाबतीत परस्परविरुद्ध वागतात, आणि फॉर्म रचणाऱ्याने त्यांतील कोणते घ्यावे हे पडद्यावरील जागेच्या हिशेबाने ठरविले तर त्या हिशेबाबरोबर उत्तरांचे स्वरूपही ठरून जाते.

विकल्पाच्या पोटात केवळ साधी अक्षरेच असावीत, हा आरंभापासूनचा निर्बंध सैल होण्यास २०२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी क्रोम ब्राउझरने 'ऑप्शन'मध्ये चित्रे व इतर घटक ठेवण्यास आणि यादीचे रूप लेखकाच्या मर्जीने बदलण्यास वाट करून दिली. मोटिफच्या वस्तूंनी घालून दिलेले रूप ह्या बदलाने मागे पडते. जेथे 'रिक्वायर्ड' लिहिलेले नाही, किंवा 'निवडा' हा रिकामा विकल्प शिरोभागी नाही, तेथे यादी कितीही सजविली तरी न बोलणाऱ्या अर्जदाराच्या नावे पहिलाच विकल्प सर्व्हरकडे जातो.